थरथरणारे हात आणि घोड्यांचे लगाम

पत्र

आदरणीय सर, सादर नमस्कार. मी २१ वर्षांचा असून सैन्यात भरती झालो आहे आणि माझ्या प्रशिक्षणाचे शेवटचे आठ आठवडे उरले आहेत. धावणे, चढणे, नेमबाजी यांत मी कोणाच्या मागे नाही. परंतु मागच्या महिन्यात रात्रीच्या सरावात पहिल्यांदा डोक्यावरून खऱ्या गोळ्या गेल्या, तेव्हा माझे हात इतके थरथरू लागले की रायफलचे मॅगझिन, म्हणजे तिला जोडायची गोळ्यांची पेटी, मला बदलता आले नाही. ते हातातून निसटून चिखलात पडले आणि सराव संपेपर्यंत मी अंधारात ते चाचपडत राहिलो. सोबतचे हसले. आमचे उस्ताद, म्हणजे प्रशिक्षक, काहीच बोलले नाहीत, आणि त्याचेच मला जास्त लागले. पुढच्या रात्रीच्या सरावाला मी पोट बिघडल्याचे सांगून गेलो नाही. आता झोप लागत नाही. खरी वेळ आली तर माझ्यामुळे सोबत्यांचा जीव जाईल, असे सारखे वाटते. मी भित्रा आहे का? तुमच्यासारख्या अनुभवी सैनिकांची भीती कधी गेली? आणि ती जाणारच नसेल, तर मी आताच बाहेर पडावे का? घरी यातले काहीही सांगितलेले नाही.
एक प्रशिक्षणार्थी

उत्तर

चिरंजीव प्रशिक्षणार्थी यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या तीन प्रश्नांपैकी मधल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण इतर दोन्ही उत्तरे त्यावर अवलंबून आहेत. माझी भीती गेली नाही. सेवेच्या पहिल्या वर्षी ती होती आणि शेवटच्या वर्षीही होती. फरक पडला तो ती केव्हा येते, किती वेळ थांबते आणि ती आलेली असताना माझे हात काय करत असतात, एवढ्यात पडला. हा फरक तुला लहान वाटत असेल, परंतु माझ्या पाहण्यात ज्यांना मी खरोखर शूर म्हणेन, त्या सर्वांमध्ये आणि इतरांमध्ये एवढाच फरक होता.

मी पहिल्यांदा खऱ्या माऱ्याखाली आलो तेव्हा तुझ्याच वयाचा होतो. खंदकाच्या भिंतीला पाठ टेकून बसलो होतो. हेल्मेटचा पट्टा आवळावा म्हणून बोटे हनुवटीखाली नेली, तर बक्कल सापडेना. तेच बक्कल मी दिवसातून दहा वेळा न बघता लावत असे. शेजारी बसलेल्या हवालदारांनी माझ्याकडे पाहिले. त्यांनी पट्टा लावून दिला नाही, धीराचे दोन शब्दही बोलले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "दारूगोळ्याच्या पेट्या मोज आणि मला आकडा सांग." मी मोजल्या, चुकलो, पुन्हा मोजल्या. दुसऱ्यांदा आकडा बरोबर आला तेव्हा हनुवटीखालचा पट्टा लागलेला होता, आणि तो मी कधी लावला हे मला आजही आठवत नाही. त्या पेट्या किती आहेत हे हवालदारांना पक्के ठाऊक होते, हे मला पुष्कळ दिवसांनी कळले.

आता त्या रात्री तुझ्या शरीरात काय झाले ते समजून घे, कारण तू त्याला आपल्या स्वभावाचा निकाल समजून बसला आहेस. आपल्या मराठीने भीतीचे वर्णन नेहमी शरीरावरूनच केले आहे. तोंडचे पाणी पळते, घशाला कोरड पडते, पोटात गोळा येतो, हातपाय गळतात, अंगावर काटा उभा राहतो, दातखीळ बसते. हे शब्दप्रयोग ज्यांनी घडवले त्यांना शरीरशास्त्र ठाऊक नव्हते, पण त्यांचे निरीक्षण अचूक होते. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली हीच गोष्ट प्रयोगांच्या आधारे मांडली. संकट जाणवताच मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी अॅड्रेनालिन रक्तात सोडतात, हृदयाचे ठोके वाढतात, पोटाकडचे आणि त्वचेकडचे रक्त मांड्या व दंड यांच्या मोठ्या स्नायूंकडे वळते, पचन थांबते, लाळ आटते आणि सारे शरीर लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी सज्ज होते. तोंडचे पाणी पळते ते असे.

या सज्जतेला एक किंमत मोजावी लागते आणि ती नेमकी तुझ्या बोटांनी मोजली. मोठ्या स्नायूंना बळ मिळते, पण बोटांच्या टोकांची नाजूक कामे बिघडतात. हात कापू लागतात, नजर समोरच्या एका ठिपक्यावर खिळते, बाजूचे दिसत नाही, आवाज कधी फार दूरून आल्यासारखे वाटतात. सुईत दोरा ओवणे, बक्कल लावणे, अंधारात मॅगझिन बरोबर खाचेत बसवणे, ही सगळी बोटांची कामे आहेत. म्हणजे त्या रात्री तुझे शरीर आपले काम चोख करत होते आणि मॅगझिन बदलण्याची तुझी पद्धत त्या शरीरासाठी घडलेली नव्हती. पहिल्या गोष्टीला उपाय नाही आणि उपायाची गरजही नाही. दुसरीला आहे, आणि आठ आठवडे त्यासाठी कमी नाहीत.

तुझे पत्र वाचताना मला विराटपर्वातला राजपुत्र उत्तर आठवला. आपल्याकडे त्याचे नाव पोकळ बढाईचे उदाहरण म्हणून घेतले जाते आणि गोष्ट तिथेच सोडून दिली जाते. मला हे अन्यायाचे वाटते, कारण एका मुरलेल्या योद्ध्याने घाबरलेल्या तरुणाला कसे हाताळावे, याचा इतका बारीक तपशील मला दुसरीकडे कुठे सापडला नाही.

गोष्ट तुला ठाऊक असेल. विराट राजा सुशर्म्याशी लढायला दुसऱ्या दिशेला गेलेला असताना कौरवांनी मत्स्यदेशाच्या गायी वळवून नेल्या. राजवाड्यात उरलेला उत्तर स्त्रियांसमोर म्हणाला की चांगला सारथी असता तर एकट्याने कौरवांना जिंकून आलो असतो. सारथी म्हणून बृहन्नडेच्या वेशातला अर्जुन मिळाला. रथ नगराबाहेर आला आणि समोर भीष्म, द्रोण, कृप, कर्ण, अश्वत्थामा यांच्यासह उभे असलेले सैन्य पाहताच उत्तराच्या अंगावर काटा आला. मला परत ने, अशी त्याने विनवणी केली, आणि रथ थांबेना तेव्हा धनुष्य टाकून खाली उडी मारून तो पळत सुटला. अर्जुन त्याच्यामागे धावला आणि शंभर पावलांवर त्याने त्याचे केस धरले. उत्तर रडत होता आणि सुटकेच्या बदल्यात सोने, रत्ने, घोडे, हत्ती देऊ करत होता.

इथे अर्जुनाने काय केले ते लक्ष देऊन बघ. त्याने त्याला भित्रा म्हणून सोडून दिले नाही आणि शूर हो असा उपदेशही केला नाही. तो म्हणाला की तुला लढवत नसेल तर लढू नकोस, तू घोड्यांचे लगाम धर, लढायचे ते मी बघतो. त्याने त्या मुलाला रणांगणातून बाहेर जाऊ दिले नाही, पण रणांगणातले त्याचे काम त्याच्या हातांना पेलेल एवढे लहान केले. पुढे शमीच्या झाडावर चढून शस्त्रे काढायचे कामही त्यालाच सांगितले. शस्त्रांचे गाठोडे प्रेतासारखे बांधलेले होते, म्हणून उत्तर पुन्हा कचरला, तेव्हा आत धनुष्ये आहेत हे अर्जुनाने त्याला समजावून सांगितले. मग उत्तर एकेका शस्त्राबद्दल विचारत गेला आणि अर्जुन उत्तरे देत गेला. घटकाभरापूर्वी पळणारा मुलगा आता बोट दाखवून प्रश्न विचारत होता. हातांना काम आणि मनाला विषय मिळाला, की भीतीला पूर्वीएवढी जागा उरत नाही.

तरीही ती संपली नाही. माझ्या दृष्टीने पुढचाच प्रसंग सर्वांत मोलाचा आहे. अर्जुनाने शंख फुंकला तेव्हा घोडे गुडघ्यांवर बसले आणि उत्तरही घाबरून रथात खाली बसला. अर्जुनाने लगाम ओढून घोडे उभे केले, उत्तराला मिठी मारली आणि तू पूर्वी शंखनाद ऐकलेले आहेस, मग आता का घाबरतोस, असे विचारले. उत्तराने खरे ते सांगितले. शंख पुष्कळ ऐकले आहेत, नगारेही ऐकले आहेत, पण असा आवाज कधी ऐकला नव्हता. त्यावर अर्जुनाने सांगितले की रथात नीट उभा राहा, पाय घट्ट रोव, लगाम आवळून धर, मी पुन्हा शंख फुंकणार आहे.

पाय रोव, लगाम धर, आवाज पुन्हा होणार आहे. घाबरलेल्या माणसाला देता येण्याजोगी याहून चांगली आज्ञा मला ठाऊक नाही. तीत काहीच वाईट होणार नाही असे खोटे आश्वासन नाही, आवाज पुन्हा होणार हे आधी सांगितलेले आहे, आणि तो होईल तेव्हा पायांनी काय करायचे व हातांनी काय करायचे एवढेच नेमके सांगितले आहे.

आता हे तुझ्या चिखलातल्या मॅगझिनपाशी आणतो. तुझे हात थरथरले ही चूक नव्हती. मॅगझिन पडले हीदेखील फारशी चूक नव्हती, ते अनुभवी हातांतूनही पडते. चूक झाली ती पडलेले मॅगझिन शोधत राहण्यात. पडले ते पडले, हात लगेच पाऊचमधल्या पुढच्या मॅगझिनकडे गेला पाहिजे, आणि जमिनीवरचे मारा थांबल्यावर उचलायचे. तू शोधत राहिलास कारण भीतीने अरुंद झालेली नजर आणि अरुंद झालेला विचार एकाच वस्तूवर खिळतो. हे ठाऊक असलेला माणूस त्याची आधीच तजवीज करून ठेवतो, आणि सरावाचा उपयोग त्यासाठीच असतो.

उस्तादांची परवानगी घेऊन रोज संध्याकाळी रिकाम्या रायफलवर आणि रिकाम्या मॅगझिनवर अर्धा तास घाल. प्रत्येक मॅगझिन पाऊचमध्ये एकाच दिशेने तोंड करून ठेव, म्हणजे अंधारात हाताला विचार करावा लागणार नाही. ते बोटांच्या चिमटीत धरू नकोस, पूर्ण मुठीत धर आणि तर्जनी त्याच्या पुढच्या कडेवर लांब ठेव. खाच नजरेने शोधण्याऐवजी ते बोट तुला तिथपर्यंत नेईल, आणि शेवटचा दाब तळहाताने दे. मूठ, तळहात आणि दंड यांची कामे भीतीत टिकतात, चिमटीची टिकत नाहीत. आधी दिवसा बसून कर, मग डोळे मिटून, मग पालथे पडून. नंतर चारशे मीटर जोरात धावून ये आणि छाती धडधडत असतानाच कर, कारण धावल्यानंतरचे धडधडणारे हृदय आणि भ्यालेले हृदय यांत हातांना फारसा फरक कळत नाही. मध्येच मुद्दाम एक मॅगझिन खाली टाक आणि त्याकडे न पाहता पुढचे काढ. हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. शेवटी एखाद्या मित्राला बाजूला मोठमोठ्याने ओरडायला सांग आणि दुसऱ्याला घड्याळ लावायला सांग, आणि प्रत्येक संध्याकाळचा आकडा वहीत लिहून ठेव.

अशा पायऱ्यापायऱ्यांनी भीतीजवळ जाण्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी तीन वर्षांचाही न झालेल्या पीटर नावाच्या मुलाची सशाची भीती अशीच कमी केली. मूल आवडीचे काही खात असताना ससा आधी खोलीच्या दूरच्या टोकाला ठेवायचा, मग दिवसेंदिवस थोडा जवळ आणायचा. अखेर तो मुलगा सशाला हात लावू लागला. भीतीवरच्या आजच्या उपचारांचे मूळ अशा प्रयोगांत आहे. सशाच्या जागी बंदुकीचा आवाज आला म्हणून मेंदूची शिकण्याची रीत बदलत नाही.

श्वासाबद्दल थोडक्यात सांगतो. गोळ्यांचा आवाज सुरू होईल तेव्हा कोपरे आणि पोट जमिनीला घट्ट लाव, चार अंक मोजत नाकाने श्वास घे आणि सहा ते आठ अंक मोजत सावकाश सोड. सोडणे घेण्यापेक्षा लांब असले पाहिजे, कारण दीर्घ उच्छ्वासाच्या वेळी हृदयाचा वेग कमी करणारी चेतासंस्था अधिक काम करते. असे तीन ते चार श्वास पुरेत. याने भीती जाणार नाही, परंतु बोटे थोडी परत मिळतील.

तुझ्या पत्रातल्या ज्या एका वाक्याने मला सर्वांत जास्त काळजी वाटली ते थरथरण्याबद्दलचे नव्हते. पोट बिघडल्याचे सांगून तू सराव चुकवलास, ते होते. त्या रात्री तुला किती सुटल्यासारखे वाटले असेल हे मी समजू शकतो, आणि धोका तिथेच आहे. टाळल्याबरोबर जो आराम मिळतो तो मेंदू बक्षीस म्हणून नोंदवून ठेवतो, आणि पुढच्या वेळी टाळण्याची ओढ आणखी वाढते. शिवाय सराव घडलाच नाही, त्यामुळे थरथर काही वेळाने ओसरते हे पाहण्याची संधीही गेली. भित्यापाठी ब्रह्मराक्षस अशी म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. तो राक्षस पळणाऱ्याच्याच मागे का लागतो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे, आणि मला वाटते की जो थांबून मागे वळतो त्याला तो केवढा आहे हे दिसते, पळणाऱ्याला ते कधीच दिसत नाही.

अनुभवी माणसांची भीती कुठे जाते, या तुझ्या प्रश्नाचे फार सुंदर उत्तर एका अभ्यासात आहे. १९६० च्या दशकात वॉल्टर फेंझ आणि सेमूर एप्स्टाइन या मानसशास्त्रज्ञांनी विमानातून हवाई छत्री घेऊन उडी मारणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके, श्वास आणि त्वचेतील बदल मोजले. नवशिक्यांच्या शरीरातली खळबळ उडीच्या क्षणापर्यंत चढतच गेली. अनुभवी लोकांच्या शरीरातही ती चढली, पण लवकर चढली आणि प्रत्यक्ष उडीच्या वेळेपर्यंत उतरत आली. भीती दोघांनाही होती. अनुभवी माणसाची भीती आधी येऊन सामान तपासून घेत होती आणि दार उघडेपर्यंत मागे सरत होती. मी स्वतः याची साक्ष देऊ शकतो. सेवेच्या उत्तरार्धात गस्तीला निघण्याच्या आदल्या रात्री मला अस्वस्थ वाटे, मी दोऱ्या, पाण्याच्या बाटल्या, रेडिओच्या बॅटऱ्या पुन्हा पुन्हा तपासत असे, आणि पहिले पाऊल टाकल्यावर मन शांत होत असे. ती जागा बदलायला मला काही वर्षे लागली. तुला आठ आठवड्यांत ती बदललेली दिसणार नाही, पण सरकू लागलेली दिसेल.

जे हसले त्यांच्याबद्दल मनात राग ठेवू नकोस. येल विद्यापीठातील जॉन डोलार्ड यांनी स्पेनच्या यादवी युद्धात लढून आलेल्या ३०० अमेरिकी स्वयंसेवकांना भीतीविषयी प्रश्न विचारले होते आणि १९४३ साली त्यांची उत्तरे मांडली. पहिल्या चकमकीला जाताना भीती वाटली, असे दहापैकी सुमारे सात जणांनी सांगितले, आणि लढाईआधी भीतीबद्दल मोकळेपणाने बोललेले बरे, असे दहापैकी आठ जणांचे म्हणणे पडले. तुझ्या बराकीतले आकडे फार वेगळे असतील असे मला वाटत नाही. जो सर्वांत मोठ्याने हसला, त्याच्या हसण्यात आपले हात कोणाला दिसले नाहीत याचा सुटकारा मिसळलेला असण्याची शक्यता मोठी आहे.

उस्तादांच्या गप्प राहण्याचा तू जो अर्थ लावला आहेस, तो मला पटत नाही. मी स्वतः काही वर्षे उस्ताद होतो. ज्याच्याकडून अपेक्षा सोडून दिलेली असते त्याला माणूस पुष्कळ बोलतो. तुझ्यासारख्या मुलाच्या बाबतीत मी गप्प राहून एकच गोष्ट बघत असे, की हा उद्या स्वतःहून काय करतो. त्यांनीही तेच केले असेल अशी खात्री मी देऊ शकत नाही, पण विचारल्याशिवाय तुलाही ते कळणार नाही. त्यांच्याकडे जा. त्या रात्री पोट बिघडले नव्हते, मी घाबरून आलो नाही, हे आधी सांग. खोट्याची जी काही शिक्षा मिळेल ती घे. मग तुला अंधारात मॅगझिन बदलण्याचा सराव हवा आहे, हे सांग. घाबरतो म्हणून मदत मागणारा जवान चांगल्या उस्तादाला ओझे वाटत नाही. जो घाबरतो आणि लपवतो, त्याच्याबरोबर रात्री बाहेर पडायला मी मात्र तयार नसे, कारण त्याचे हात केव्हा थांबतील हे मला आधी कळण्याचा काही मार्ग नसे.

झोपेबद्दल तू एका ओळीत लिहून पुढे गेलास, पण ते तितके किरकोळ नाही. पहिल्या महायुद्धात पायदळाबरोबर खंदकांत राहिलेले डॉक्टर चार्ल्स विल्सन, जे पुढे लॉर्ड मोरान झाले आणि चर्चिल यांचे डॉक्टर म्हणून ओळखले गेले, त्यांनी १९४५ साली धैर्याची तुलना बँकेतल्या ठेवीशी केली. प्रत्येकाची ठेव कमीअधिक असते, रोजच्या ताणात ती खर्च होत राहते, विश्रांतीने थोडी भरून निघते, आणि संपली की चांगला माणूसही कोलमडतो. तू रात्र रात्र जागून त्याच ठेवीतून, न झालेल्या लढाईसाठी, पैसे काढत आहेस. अंथरुणावर पडल्यावर ती रात्र पुन्हा डोळ्यांपुढे आली तर ती मध्येच तोडू नकोस, पुढे जाऊ दे, आणि मॅगझिन पडल्यावर हात पुढच्या मॅगझिनकडे गेला, ते बसले, इथपर्यंत मनात नेऊन मग कूस बदल. झोपेसाठी दारूचा आधार कधीही घेऊ नकोस. मी त्या वाटेने गेलेली चांगली माणसे पाहिली आहेत.

इतके करूनही तीन ते चार आठवड्यांत झोप सुधारली नाही, दिवसाही कारण नसताना छाती धडधडून श्वास कोंडू लागला, किंवा जीव नकोसा होण्याचे विचार मनात आले, तर तडक वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे जायचे. जीव नकोसा झाला तर एक दिवसही थांबायचे नाही, त्याच क्षणी शेजारच्याला उठवायचे. त्याच महायुद्धात डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनी १९१५ साली तोफांच्या माऱ्यानंतर दृष्टी, स्मृती, वास आणि चव हरपलेल्या सैनिकांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात केली होती, तरीही पळून जाणे, भ्याडपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यांनी आपल्याच अनेक सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांतल्या ३०६ जणांना २००६ साली कायद्याने माफी मिळाली. त्यांच्यापैकी कितीजण केवळ आजारी होते हे आता कोण सांगणार? मनाला झालेली जखम डॉक्टरला दाखवण्यात संकोच वाटला, तर या माणसांची आठवण ठेव.

आणि आता तुझा तिसरा प्रश्न. बाहेर पडावे का? सैन्य सोडण्यात कोणतीही नामुष्की नाही. हे काम सर्वांसाठी नाही आणि ज्याला दुसरे काही मनापासून करायचे आहे त्याने ते जरूर करावे. परंतु एका रात्रीच्या थरथरीवरून, झोप उडालेल्या डोक्याने आणि टाळलेल्या सरावाच्या दुसऱ्या दिवशी हा निर्णय घेऊ नकोस. आठ आठवडे पूर्ण कर. निदान दोन रात्रीचे सराव शेवटपर्यंत पार पाड. त्यानंतरही हे काम आपले नाही असे शांतपणे वाटले, तर ते म्हणणे तुझे असेल, आज ते तुझ्या भीतीचे आहे. घरी कोणाजवळ तरी बोल, असेही सुचवतो. सगळे सांगायला नको, पण एखाद्या माणसाला तरी खरे ठाऊक असू दे.

उत्तराचे पुढे काय झाले, हे तुझ्यापासून लपवणार नाही, कारण तुला गोड शेवटाची लालूच दाखवून मला काही सांगायचे नाही. गायी परत आल्या आणि तो सुखरूप घरी गेला. विजय मी मिळवला, असे तो या वेळी म्हणाला नाही, एका देवपुत्राने मिळवला, असे त्याने वडिलांना सांगितले. त्यानंतर कुरुक्षेत्रावर पहिल्याच दिवशी तो हत्तीवर बसून शल्यासमोर गेला, त्याच्या हत्तीने शल्याच्या रथाचे घोडे चिरडले, आणि शल्याने फेकलेल्या शक्ती नावाच्या भाल्यासारख्या शस्त्राने तो मारला गेला. तुझ्या वाट्याला काय येईल ते मला ठाऊक नाही. लढाईत कौशल्य असलेलेही मरतात, आणि तुला तसे होणार नाही असे मी म्हणालो तर तो तुझा अपमान होईल. पण ज्या मुलाला एकेकाळी केसांना धरून रथात आणावे लागले, तो त्या दिवशी स्वतःच्या पायांनी रणांगणात गेला होता.

उद्या सकाळच्या परेडनंतर उस्तादांची भेट घे. संध्याकाळी रिकाम्या मॅगझिनचा सराव सुरू कर. पुढचा रात्रीचा सराव झाला की मला पत्र लिही. घाबरलास की नाही, ते मी विचारत नाही, घाबरशीलच. अंधारात मॅगझिन बदलायला किती सेकंद लागले आणि किती पडली, ते दोन आकडे पाठव.